विमा नसताना हार्मोन उपचारांचा खर्च कसा बसवावा?

भिलाईच्या नेहरू नगरात राहून हार्मोन उपचार सुरू करणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीने फक्त गोळ्यांचा खर्च धरू नये. तपासण्यांनीच अंदाज चुकतो. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते. स्पायरोनोलॅक्टोन घेत असाल तर पोटॅशियमही पाहतात. डॉक्टरांची फी, रायपूरचे जाणे-येणे वेगळे. वर्षाचा एकूण खर्च काढा, 12 ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या व आधी जनऔषधी केंद्रात विचारा. पैसे कमी पडले तर डोस स्वतःहून कमी करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारत टीजी प्लससाठी केंद्रीय करार झाला. त्यात तृतीयपंथी ओळखपत्रधारकाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरले. ओळखपत्र दुर्गचे जिल्हाधिकारी देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा, दलालाला पैसे देऊ नयेत. मात्र आयुष्मान योजनेचा भर भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. म्हणून बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्या-तपासण्या त्यात बसतात का, हे 14555 वर किंवा रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात आधीच विचारा.