महाकाय तारे आणि तेजोमेघ

हिवाळ्यातील निरभ्र रात्री गडमुडशिंगीच्या शिवारातून पाहिल्यास मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक पुसट ठिपका दिसतो. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ होय. त्याच्या गाभ्यातील सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीसपटींहून अधिक वस्तुमानाचा आहे. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन विलग करतात. ते पुन्हा जुळताना वायू तांबूस प्रकाशतो. ताऱ्यातून वेगाने बाहेर पडणारा कणांचा झोत सभोवतालचा वायू दूर सारून पोकळी निर्माण करतो. तिच्या कडेस दाबल्या गेलेल्या वायूतून नवे तारे जन्मू शकतात. मात्र लगतच्या बालताऱ्यांभोवतीच्या, ज्यांतून ग्रह घडावयाचे, त्या तबकड्या याच किरणांनी झिजतात. म्हणून तेजोमेघाचा अभ्यास करताना त्यातील महाकाय ताऱ्याचे स्थान प्रथम पाहावे.