डिझेल की पेट्रोल : महागड्या एसयूव्हीबद्दलचे गैरसमज

हिंगोली जिल्ह्यात मोठी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे फॉर्च्युनर येते, आणि फॉर्च्युनर म्हटलं की डिझेल. त्यातूनच एक वाक्य पक्कं झालं आहे : ‘पेट्रोलच्या एसयूव्हीला दमच नसतो.’ फॉर्च्युनरपुरतं ते खरं आहे. तिचं 2.7 लिटरचं पेट्रोल इंजिन 166 पीएस ताकद आणि 245 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. 2.8 लिटरचं डिझेल इंजिन 204 पीएस देतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत तब्बल 500 न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा रेटा. तो इथे दुपटीहून जास्त आहे.

पण या फरकाचा मोठा भाग इंधनाचा नाही, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्रणेचा आहे. फॉर्च्युनरच्या डिझेल इंजिनाला टर्बो आहे, पेट्रोलला नाही. मर्सिडीजच्या जीएलई 450 मधलं तीन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन 381 एचपी आणि 500 न्यूटन-मीटर देतं, म्हणजे रेट्यात डिझेल फॉर्च्युनरच्या बरोबरीचं आणि ताकदीत कितीतरी पुढे. तिचीच डिझेल बहीण 450डी 367 एचपी आणि 750 न्यूटन-मीटरची. वसमत रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला भरल्या गाडीने ओलांडायचं असेल, तर डिझेल गिअर न बदलता कमी आरपीएमवरच रेटून नेतं. हा गुण खरा आहे. मात्र ‘पेट्रोल म्हणजे पिकअप नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अ‍ॅव्हरेजमध्ये डिझेल पुढे असतं, त्यालाही कारण आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा पंधरा-सोळा पट दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पेट्रोल इंजिनात हा दाब साधारण दहा-अकरा पट असतो. जास्त दाबामुळे तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये मुळातच जास्त ऊर्जा असते.

‘म्हणजे डिझेल स्वस्तच पडणार!’ इथे कागद-पेन घ्यावं. 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलवरचं सरकारी दरनियंत्रण उठलं. महाराष्ट्रात गेली काही वर्षं हे अंतर बारा ते चौदा रुपयांच्या आसपास राहिलं आहे. शिवाय आपल्या राज्यात 20 लाखांवरच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला 15 टक्के. पन्नास लाखांच्या गाडीवर हाच फरक एक लाखाचा होतो.

उदाहरणादाखल धरू की पेट्रोल गाडी 9 आणि डिझेल 12 किलोमीटर देते, आणि दर 105 व 92 रुपये आहेत. डिझेलवर किलोमीटरमागे चार रुपये वाचतात. टॅक्स धरून डिझेल गाडी तीन लाखांनी महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला 75 हजार किलोमीटर लागतात. मुंबई-पुण्याच्या फेऱ्या करून वर्षाला 25 हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे तीन वर्षांत फिटले. हिंगोली, औंढा, सेनगाव एवढ्यातच वर्षाला सहा हजार किलोमीटर करणाऱ्याला साडेबारा वर्षं लागतील.

आणि कमी चालणाऱ्या डिझेल गाडीचं खरं दुखणं पैशांपेक्षा वेगळं आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी तो जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी तापलेली आणि सलग धावती असावी लागते. घर ते दुकान, दुकान ते मोंढा एवढंच चालवलं की फिल्टर भरत जातो. मग मीटरमध्ये नळीत ठिपके भरल्यासारखा पिवळा दिवा लागतो. अनेकदा आयडलिंग जरा वाढलेलं असतं, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, जळकट वास येतो. लोक घाबरून गाडी बंद करतात आणि जळण्याची क्रिया अर्धवट राहते. खरं तर त्या वेळी गाडी नांदेड रस्त्याला काढून वीसेक मिनिटं एका लयीत चालवावी. बहुतेक वेळा दिवा विझतो. दुर्लक्ष केलं तर फिल्टर बदलायची वेळ येते आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर ‘गरम’ करण्याची जुनी सवयही हीच काजळी वाढवते. अर्ध्या मिनिटात निघावं, पहिले काही किलोमीटर हळू चालवावं.

दुसरा गैरसमज शेतकरी घरांत जास्त, म्हणून मला तो जास्त काळजीचा वाटतो. अनेक डिझेल एसयूव्हींना निळ्या झाकणाच्या टाकीत डीईएफ हे धूर स्वच्छ करणारं द्रव लागतं, ज्याला लोक अ‍ॅडब्लू म्हणतात. ‘त्यात युरियाच असतो, मग पोत्यातला कालवून टाकू.’ डीईएफमध्ये 32.5 टक्के युरिया असतो हे खरं, पण तो अतिशुद्ध असतो आणि पाणीही क्षारमुक्त. खताचा युरिया 2015 पासून सगळाच कडुनिंबाचा लेप दिलेला येतो. तो लेप आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक नोझल बुजवतात, पुढचा कॅटॅलिस्ट निकामी करतात. अनुदानाचा युरिया असा वापरणं बेकायदाही आहे. आणि डीईएफ पूर्ण संपू दिलं, तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

पेट्रोलवाल्यांची धास्ती ई-20 ची, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई-20 साठी योग्य असतात. त्याआधीची गाडी असेल, तर मालक-पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहावं.

‘डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात’ हे तर मराठवाड्यात सर्रास ऐकू येतं. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआरपुरता आहे. हिंगोलीच्या, म्हणजे एमएच 38 च्या खासगी गाडीची नोंदणी पेट्रोल असो वा डिझेल, पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्या नियमामुळे दिल्लीकडच्या जुन्या डिझेल मर्सिडीज आणि फॉर्च्युनर आपल्याकडे स्वस्तात येतात. अशी गाडी बघताना तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा, आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा टॅक्स किमतीत धरूनच सौदा करा.