तीन मिनिटांचा डाव

अतिजलद बुद्धिबळाने, म्हणजेच ब्लिट्झने, मुलांची विचार करण्याची सवय मोडते, अशी भीती अनेक पालकांस वाटते. जून २०२५ मध्ये लंडनच्या जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांत अग्रमानांकित चीनच्या होउ यिफानला नमविले. तो डाव आम्हांस निराळेच सांगतो. प्रत्येकीस अवघी ३ मिनिटे आणि दर खेळीमागे २ सेकंदांची भर! एवढ्यात नवे फारसे सुचत नाही. वर्षानुवर्षे सावकाश घोटलेले तेवढे हाताशी येते. पुढच्याच महिन्यात बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत संथ डाव बरोबरीत सुटल्यावर तिने जलद डावांत कोनेरू हम्पीला हरविले. तेव्हा मुलांसमोर घड्याळ जरूर ठेवावे. मात्र त्याआधी पटापाशी त्यांना निवांत बसू द्यावे.