मागावरचे शब्द

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे नगर कामवारी नदीच्या काठी वसलेले आहे. तेथील गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या वाटसरूच्या कानी प्रथम पडतो, तो यंत्रमागांचा खडखडाट. एखाद्या शेडमध्ये डोकावले, तर मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारे कारागीर शेजारी शेजारी काम करताना दिसतात. घरी ते निरनिराळ्या भाषा बोलतात. परंतु समोरच्या यंत्राचे भाग मात्र सारेच बीम, शटल, रीड अशा इंग्रजी नावांनी ओळखतात. यात नवल नाही. १७८५ साली एडमंड कार्टराइट याने इंग्लंडात यंत्रमागाचे पहिले एकस्व मिळविले. यंत्र जेथे जन्मले, तेथली नावे घेऊनच ते जगभर गेले.

ते स्पेन देशातही गेले. बार्सिलोना हे शहर एकोणिसाव्या शतकात कापडाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्धीस आले. इंग्रजी शब्दांना स्पॅनिश प्रतिशब्द शोधण्याचे काम तेथील लोकांनाही करावे लागले. भिवंडीचे शब्द आणि त्यांचे शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे भाषांतर ही काय वस्तू आहे, हे चांगले ध्यानात येते.

‘रीड’ हाच शब्द घ्या. इंग्रजीत रीड म्हणजे पाणथळ जागी उगवणारे वेतासारखे गवत. पूर्वी त्याच्या चिरफळ्या चौकटीत बसवून मागाचा एक भाग तयार करीत. त्यातून ताण्याचे धागे ओवले जात व त्याच्याच ठोक्याने आडवा धागा कापडात घट्ट बसे. पुढे चिरफळ्या जाऊन पोलादी पट्ट्या आल्या, पण नाव गवताचेच राहिले. स्पॅनिशमध्ये त्या गवताला ‘कान्या’ म्हणतात. परंतु मागाच्या या भागाला तेथे कोणी कान्या म्हणत नाही. त्याचे नाव ‘पेइने’. पेइने म्हणजे केस विंचरण्याची फणी. आणि आपले हातमागवाले विणकर या भागाला काय म्हणत आले? फणी! बार्सिलोनाच्या विणकराने मराठी विणकराचा सल्ला घेतला नव्हता. दोघांनीही शब्द बाजूला ठेवून वस्तूकडे पाहिले, एवढेच. नुसता कोश उघडून ‘रीड’ला ‘बोरू’ म्हणणाऱ्या विद्वानाने हा मार्ग अवश्य अनुसरावा.

‘शटल’ची गोष्ट याहून गमतीची आहे. त्याचे मूळ ‘बाण मारणे’ या अर्थाच्या शब्दात आहे. मागावर ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बाणासारखेच धावते. मराठीत तो धोटा. स्पॅनिशमध्ये ‘लान्सादेरा’, म्हणजे फेकले जाणारे साधन. येथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु इंग्रजांनी हाच शब्द ये-जा करणाऱ्या आगगाडीला लावला, बॅडमिंटनच्या पिसांच्या फुलालाही लावला आणि अंतराळात जाऊन परतणाऱ्या यानालाही लावला. स्पॅनिश माणूस खेळातल्या शटलला ‘बोलान्ते’, म्हणजे उडणारे, म्हणतो. आणि अंतराळयानाला ‘त्रान्सबोर्दादोर’. आपणही खेळताना ‘फूल’ म्हणतो, धोटा म्हणत नाही. इंग्रजीतील एका शब्दाला दुसऱ्या भाषेत एकच शब्द मिळावा, हा हट्ट येथे टिकत नाही.

ध्वनीच्या सारखेपणावर विसंबणाऱ्याची फसगत तर ठरलेलीच. इंग्रजीत ‘फॅब्रिक’ म्हणजे कापड. स्पॅनिशमध्ये ‘फाब्रिका’ असा शब्द आहे. पण त्याचा अर्थ कारखाना! कापडाला ते ‘तेला’ म्हणतात आणि त्यावरूनच मागाला ‘तेलार’. भिवंडीच्या एखाद्या व्यापाऱ्याने स्पेनला पत्र पाठवून शंभर ‘फाब्रिका’ विकण्याची तयारी दाखविली, तर पत्र वाचणारा बुचकळ्यात पडेल. ‘सायझिंग’ हाही असाच चकवा आहे. इंग्रजीत साइझ म्हणजे माप, तसेच सुताला लावायची खळही. सायझिंगच्या कारखान्यात सुताचे माप घेत नाहीत. ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. स्पॅनिश भाषेने येथे मापाचा शब्द न घेता ‘कोला’, म्हणजे सरस, या शब्दावरून ‘एन्कोलादो’ असा शब्द केला.

मराठीत या कामाची परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थ याने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी याने पुरा केला व तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली शासनाने भाषा संचालनालय स्थापिले. मात्र कोशात शब्द असला, म्हणजे तो लोकांच्या तोंडी बसतोच असे नाही. आणि तोंडी बसलेला शब्द कोठून आला, याची लोक फारशी विचारपूसही करीत नाहीत. पोर्तुगीजांची सत्ता वसईस १७३९ पर्यंत होती. त्यांच्या भाषेतून आलेली ‘चावी’ आज परकी वाटत नाही. स्पॅनिशमधील ‘याबे’ ही तिचीच सख्खी बहीण, कारण दोघींचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. बटाटाही असाच आला. मात्र स्पेनमध्ये ‘बाताता’ मागितल्यास रताळे हाती पडते!

‘पॉवरलूम’ या शब्दापाशी पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. पॉवर म्हणजे शक्ती, तशीच सत्ता, आणि कारखान्यात वीजही. स्पॅनिश माणसाने यांपैकी काहीच घेतले नाही. त्याने ‘तेलार मेकानिको’, म्हणजे यंत्राचा माग, असे म्हटले. मराठीनेही ‘शक्तिमाग’ केला नाही, ‘यंत्रमाग’ केला. हा शब्द वृत्तपत्रांत, सरकारी कागदांत आणि सहकारी संस्थांच्या नावांत रुळला. ‘बीम’ मात्र बीमच राहिला आहे. ताण्याचे सूत गुंडाळलेला तो जड रूळ खांद्यावर घेऊन अरुंद गल्लीतून निघालेले हमाल ‘बाजू! बीम आला!’ अशी हाक देतात, आणि कोणतीही भाषा बोलणारा माणूस ताबडतोब भिंतीला टेकून उभा राहतो.