थैली राहू दे, पोरीला घे

सिडनीतल्या केलीव्हिलपासून जवळच, कार्लिंगफर्डला, मॉर्मन या पंथाचं १९८४ सालचं मंदिर आहे.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने १८३८ मध्ये या पंथाला हाकललं, १८४४ मध्ये जमावाने संस्थापक जोसेफ स्मिथला तुरुंगात घुसून मारलं. १८४७ मध्ये अनुयायी पश्चिमेला युटाच्या वैराण खोऱ्यात वसले. सिडनीच्या मॉर्मनांना मात्र तिथे पोचायला पूर्वेला निघावं लागे!

सप्टेंबर १८५५ मध्ये ‘ज्युलिया ॲन’ हे जहाज त्यासाठी सिडनीहून सुटलं. माणसं ५६, निम्मी मॉर्मन. ताहितीच्या पश्चिमेला, रात्री, जहाज प्रवाळावर आदळलं. जहाजावरचा दुसरा मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) कॅप्टन पाँडची आठ हजार डॉलरांची थैली उचलत होता. कॅप्टनने ती टाकून एका मुलीला न्यायला सांगितलं.

दोन बायका, तीन मुलं दगावली. उरलेल्यांनी निर्जन बेटावर कासवं नि नारळ खाऊन सुमारे दोन महिने काढले. शेवटी फुटकी होडी डागडुजी करून कॅप्टनने मदतीसाठी वल्हवत बोराबोरा बेट गाठलं.