मुक्या जिवांची सेवा आणि कर्जाचा हिशेब

अमेरिकेतील प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांइतकीच धावपळ करणारी आणखी एक व्यक्ती असते. भूल दिलेल्या मांजराच्या श्वासावर लक्ष ठेवणे, कुत्र्याचे रक्त काढणे, एक्स-रे घेणे, दात साफ करणे, सलाइन लावणे ही सारी कामे तिची. रोगनिदान, औषधयोजना आणि शस्त्रक्रिया तेवढी डॉक्टरांनी करायची. या पदाला तेथे ‘व्हेटर्नरी टेक्निशियन’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्राण्यांची प्रशिक्षित परिचारिका! मुक्या जिवांचा लळा असलेल्या मुलामुलींना या कामाची ओढ वाटते, यात नवल नाही. पण शिक्षणासाठी काढलेले कर्ज या पगारातून फिटते का?

दोन वाटा, एकच परीक्षा

या कामासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरतो. त्यानंतर बहुतेक राज्यांत एक राष्ट्रीय परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. चार वर्षांची पदवीही मिळते आणि ती घेणाऱ्याला ‘टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणतात. पदवीधराला संशोधनाच्या प्रयोगशाळेत संधी अधिक असतात. मात्र परीक्षा दोघांना एकच आणि साध्या दवाखान्यात कामही बहुतांशी तेच.

खर्चात मात्र मोठे अंतर आहे. २०२४-२५ मध्ये सरकारी ‘कम्युनिटी कॉलेज’चे सरासरी वार्षिक शुल्क सुमारे ४ हजार डॉलर होते. चार वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात स्थानिक विद्यार्थ्याला ते साडेअकरा हजारांच्या पुढे, तर खासगी महाविद्यालयात ४३ हजारांच्या घरात होते. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळाच.

पगार किती?

अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार टेक्निशियन व टेक्नॉलॉजिस्ट यांचा मध्यम वार्षिक पगार ४५,९८० डॉलर होता. म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमीच मिळत होते. कोणतीही पदविका नसलेल्या मदतनिसाचा मध्यम पगार ३७ हजारांच्या आसपास होता. शिक्षणाने पदरात पडते ते वर्षाला आठ-नऊ हजार डॉलर. याउलट माणसांच्या दातांची स्वच्छता करणाऱ्या ‘डेंटल हायजिनिस्ट’लाही साधारण एवढेच शिक्षण लागते, पण तिचा मध्यम पगार ९४,२६० डॉलर होता.

ही तफावत का? माणसाच्या उपचारांचे पैसे बऱ्याचदा विमा कंपनी देते. पाळीव प्राण्यांचा विमा मात्र थोडेच मालक काढतात. बाकीच्यांना बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागते. त्यामुळे दवाखान्यालाही दर फार वाढवता येत नाहीत. शिवाय अनेक राज्यांत या कामांपैकी बरीचशी नोंदणी नसलेल्या मदतनिसांकडूनही करून घेतली जातात. मग नोंदणीला भाव कोठून येणार?

हप्त्याचे गणित

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे कर्ज पहिल्या वर्षी साडेपाच हजार, दुसऱ्या वर्षी साडेसहा हजार आणि पुढे दरवर्षी साडेसात हजार डॉलरपर्यंत मिळते. म्हणजे दोन वर्षांत १२ हजार, चार वर्षांत २७ हजार. २०२५-२६ च्या कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. दहा वर्षांच्या मुदतीने १२ हजारांचा मासिक हप्ता सुमारे १३६ डॉलर पडतो आणि २७ हजारांचा ३०५.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने नोकरीभिमुख अभ्यासक्रमांसाठी २०१४ मध्ये केलेल्या नियमांत एक सोपी कसोटी होती : कर्जाचे हप्ते वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांहून अधिक नसावेत. मध्यम पगारावर ही मर्यादा महिन्याला ३०६ डॉलर येते. म्हणजे चार वर्षांचे कर्ज जेमतेम बसते, तेही मध्यम पगार मिळाला तर! नवख्या मुलीला ३६ हजारांवर सुरुवात करावी लागली, तर मर्यादा २४० डॉलर. तेथे २७ हजारांचे कर्ज डोईजड होते, १२ हजारांचे मात्र सहज पेलते. वर खासगी बँकेचे कर्ज काढले, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत व्हायची.

सरकारी वा धर्मादाय संस्थेत पूर्णवेळ काम करून १२० हप्ते फेडले, तर केंद्र सरकारच्या कर्जाची उरलेली रक्कम माफ होऊ शकते. पण या क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या खासगी दवाखान्यांत आहेत आणि त्यांना ही सवलत नाही.

आपल्या मुलांसाठी

येथून तिकडे शिकायला जाण्याचा विचार असेल, तर अधिकच सावध राहावे. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारचे हे कर्ज मिळत नाही. एच-वन-बी व्हिसासाठी किमान पदवी आवश्यक असलेले काम लागते. दोन वर्षांच्या शिक्षणावर चालणारी ही नोकरी त्यात सहसा बसत नाही. डॉलरमध्ये खर्च करून रुपयांत हप्ते फेडण्याची वेळ येऊ शकते.

भारतात पशुवैद्यकाच्या हाताखालची कामे पदविकाधारक करतात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार राज्य सरकारच्या आदेशाने त्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करता येतात. हे शिक्षण येथे घ्यायचे असो वा परदेशात, प्रवेशापूर्वी घरात बसून तीन आकडे कागदावर मांडावेत : एकूण कर्ज, त्याचा मासिक हप्ता आणि पहिल्या नोकरीचा पगार. मध्यम नव्हे, पहिल्या नोकरीचा! हप्ता झेपत नसेल, तर मुलीची आवड मोडू नये. तेच काम देणारे स्वस्त महाविद्यालय शोधावे.