गाण्यात राहिलेला पत्ता

ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःखगीत, एवढेच आपण ऐकून असतो. मिसिसिपी जॉन हर्ट यांचे गाणे मात्र आक्रोशाचे नव्हे. अंगठ्याने खर्जाचा ठेका धरावा, बोटांनी गिटारवर चाल वाजवावी आणि हलक्या आवाजात गावे, अशी त्यांची रीत. १९२८ साली ओके कंपनीने मेंफिस व न्यूयॉर्क येथे त्यांची गाणी मुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे मंदी आली. हर्ट आपल्या अ‍ॅव्हलॉन खेड्यातच शेतात राबत राहिले. ३५ वर्षे कोणी विचारले नाही! पण एका तबकडीत त्यांनी गावाचे नाव गायिले होते. तेवढ्या धाग्यावरून १९६३ साली टॉम हॉस्किन्स हा तरुण त्यांच्या दारी पोहोचला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हर्ट गायिले, नवी मुद्रणेही झाली. १९६६ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले.